बॅले कोणाचा?

पुरोगामी वर्तुळात कलेचा विषय निघाला की काही कलाप्रकारांना उंबरठा ओलांडण्याची मुभा आपोआप मिळते आणि काहींना दारातच थोपविले जाते. पोवाडा, पथनाट्य, लोकनृत्य हे जनतेचे. बॅले मात्र राजेरजवाड्यांच्या महालात जन्मलेला आणि धनिकांच्या तिजोरीवर पोसलेला, म्हणून तो परका, असा निवाडा फारसा पुरावा न तपासता दिला जातो. निवाडा देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु त्याचा लाभ कोणाला होतो हे पाहू गेल्यास, ज्यांच्याविरुद्ध तो दिला त्या धनिकांनाच होतो असे आढळेल. एखादी सुंदर गोष्ट श्रीमंतांची आहे, असे गरिबांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच जाहीर करून टाकले, तर श्रीमंतांना तिच्यावर वेगळी मालकी सांगण्याची गरजच उरत नाही.

बॅलेवर खरोखर प्रेम करणाऱ्यांचे बोलणे ऐकले तर निराळेच चित्र दिसते. ज्या शहरांत बॅलेचे प्रयोग नियमाने होतात, तेथे प्रयोग सुटल्यावर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर रेंगाळणारी एक जमात असते. सर्वांत वरच्या स्वस्त सज्ज्यातून वर्षानुवर्षे प्रयोग पाहणारे तीत असतात. लहानपणी चार वर्षे शिकून घरच्या अडचणींमुळे नाच सोडावा लागलेले असतात. आणि दिवसभर कचेरीत, रुग्णालयात किंवा शाळेत काम करून संध्याकाळी भिंतीलगतचा लाकडी दांडा धरून उभे राहणारे, चाळिशी ओलांडलेले हौशी लोकही असतात. त्यांच्या गप्पांत झुंबरे आणि मखमली खुर्च्या क्वचितच येतात. अमक्या नर्तकीने उडी घेतली तेव्हा पाय जमिनीला टेकल्याचा आवाज कसा आला नाही, तमक्याने जोडीदारणीला उचलताना श्वास नेमका कुठे घेतला, पहिल्यांदा ‘जीझेल’ पाहिले तेव्हा दुसऱ्या अंकात अंगावर काटा कसा उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वर्गात साधा गुडघा वाकवायला गेल्यावर आदल्या रात्री सोपे दिसलेले सारे किती अवघड निघाले, हे त्यांचे विषय असतात.

या गप्पांत एक महत्त्वाचे सत्य दडलेले आहे. नाचणे आणि नाच पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकीवाचून दुसरी अपुरी राहते. बॅलेचा सारा डोलारा पावलांच्या पाच मूळ स्थितींवर उभा आहे. पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूस वळवायचा, पाठ सरळ ठेवायची आणि गुडघा पावलाच्या रेषेत सावकाश वाकवायचा. या वाकण्याला प्लिए म्हणतात. नवख्या प्रेक्षकाला ती कवायत वाटेल. परंतु प्रत्येक उडी येथूनच निघते आणि येथेच विसावते. ज्याने महिनाभर हा व्यायाम केला, त्याला रंगमंचावरच्या नर्तकीच्या हलकेपणामागची कष्टाची वर्षे दिसू लागतात. उलटपक्षी, ज्याने एकदा तरी प्रत्यक्ष प्रयोग पाहिला, त्याला दांड्यापाशी रोज चालणारी तीच ती पुनरावृत्ती कशासाठी आहे याचा उलगडा होतो.

प्रत्यक्ष प्रयोग या शब्दांवर भर देणे अगत्याचे आहे. आज मोबाईलच्या पडद्यावर जगातला कोणताही नाच क्षणात पाहता येतो, मग नाट्यगृहाचा आग्रह कशाला, असे विचारले जाते. पण पडद्यावर कोठे पाहायचे हे कॅमेरा ठरवितो. बुटांचे ठोके, धापा, घाम आणि पडता पडता सावरलेला तोल, म्हणजेच श्रमाच्या साऱ्या खुणा, त्यात पुसल्या जातात. नाट्यगृहात त्या पुसता येत नाहीत. वरच्या स्वस्त सज्ज्यात बसणाऱ्याला तर समूहनृत्यातील रांगांची बदलती नक्षी, पुढच्या महागड्या खुर्चीतून कधीच न दिसणारी, संपूर्ण दिसते. बॅलेचे अस्सल जाणकार या सज्ज्यांत घडले, ते यामुळेच.

महाराष्ट्राला ही गोष्ट क्रिकेटच्या उदाहरणाने चटकन पटावी. क्रिकेट हा तर थेट राज्यकर्त्या साहेबाचा खेळ. तरीही मुंबईच्या चाळींनी तो आपला केला. हे कोणाच्या ठरावाने झाले नाही. मैदाने मोकळी होती, गल्ल्या होत्या आणि फळकुटाची बॅट कोणालाही करता येत होती. पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखणारे, अस्पृश्य ठरविलेल्या समाजातील पालवणकर बाळू साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता इतके निष्णात झाले की १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाचे सर्वांत यशस्वी गोलंदाज तेच ठरले. पुढे स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसणारा कामगार फटक्याचा मर्म जाणत असे, कारण तो स्वतः गल्लीत खेळलेला असे. खेळ कोणत्या देशात वा कोणत्या वर्गात जन्मला, याने त्याचे भवितव्य ठरले नाही. मैदान कोणासाठी उघडे होते, याने ठरले. बॅलेची कथा याहून वेगळी नाही. फरक इतकाच की त्याच्या मैदानाला बहुतेक ठिकाणी कुंपण राहिले.

बॅले धनिकांचा होता असे म्हणताना एक प्रश्न सोयीस्करपणे विसरला जातो: नाचत कोण होते? चौदाव्या लुईच्या दरबारात राजा स्वतः नाचत असे हे खरे. पण नाच व्यावसायिक रंगमंचावर आला आणि चित्र पालटले. एकोणिसाव्या शतकातील पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेत ज्या लहान मुली येत, त्या बहुतांशी कष्टकऱ्यांच्या. त्यांना ‘छोटे उंदीर’ असे नाव पडले होते. १८७५ मध्ये उघडलेल्या पॅले गार्निए या वैभवशाली नाट्यगृहात रंगमंचाच्या पाठीमागे एक शोभिवंत दालन मुद्दाम बांधले होते. कायम वर्गणी भरणाऱ्या श्रीमंत पुरुषांना तेथे नर्तकींच्या भेटीला जाण्याची मुभा असे. या मुलींच्या गरिबीचा सौदा तेथे कसा होत असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. देगा या चित्रकाराने घडविलेला चौदा वर्षांच्या नर्तिकेचा पुतळा आज जगप्रसिद्ध आहे. त्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोटेम ही बेल्जियममधून पोटासाठी आलेल्या कुटुंबातली, लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी. १८८१ च्या प्रदर्शनात समीक्षकांनी त्या पुतळ्याच्या चेहऱ्याला कुरूप ठरविले. आणि पुढल्याच वर्षी गैरहजेरीच्या कारणावरून ऑपेराने त्या मुलीला काढून टाकले. पुतळा संग्रहालयात गेला. मुलगी कोठे गेली याची चौकशी करण्याची त्या काळी कोणाला गरज वाटली नाही.

मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. फडावर दौलतजादा उधळणारा एका वर्गाचा आणि पायात चाळ बांधून नाचणारी दुसऱ्या वर्गाची, दुसऱ्या जातीची. जिच्या अदाकारीला रात्री दाद द्यायची, तिला दिवसा गावात मान नाकारायचा, ही व्यवस्था येथेही होतीच. तेव्हा बॅले असो की लावणी, दोष नाचाच्या अंगी नव्हता. एका वर्गाने श्रमायचे आणि दुसऱ्याने केवळ पाहायचे, ही जी विभागणी आहे तिच्यात दोष होता. नाचणाऱ्याला खुर्ची नाही आणि खुर्चीवाल्याला नाचणाऱ्याच्या श्रमांची जाण नाही, अशी ही विभागणी आहे. ती मोडणे हे समाजवाद्यांचे काम आहे. नाच मोडणे नव्हे.

त्याच पॅरिसमध्ये, त्याच पॅले गार्निएच्या दारात २४ डिसेंबर २०१९ रोजी जे घडले ते या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावित बदलांविरुद्ध संप चालू होता. ऑपेराच्या नर्तकांना वयाच्या ४२ व्या वर्षी निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. त्या योजनेचे मूळ १६९८ पर्यंत मागे जाते. हा हक्क जाण्याची भीती निर्माण झाल्यामुळे नर्तकीही संपावर होत्या. आतले प्रयोग बंद पडले होते. अशा वेळी नाताळच्या आदल्या दिवशी, कडाक्याच्या थंडीत, त्या नाट्यगृहाबाहेर आल्या आणि संपाच्या फलकांखाली त्यांनी ‘स्वान लेक’मधील काही भाग रस्त्यावरच्या लोकांसमोर नाचून दाखविला. वादक सोबत होते, तिकीट नव्हते. गुडघे आणि घोटे झिजविणारा हा व्यवसाय साठीपर्यंत करता येत नाही, हे सांगायला याहून स्पष्ट निवेदन कोणते असू शकेल? १८८१ च्या मुलीला जे मागता आले नाही, ते तिच्या वारसदार संघटित होऊन मागत होत्या. खाणीतला कामगार आणि बॅलेची नर्तकी यांचा प्रश्न येथे एकच होतो: शरीर झिजवून जगणाऱ्याच्या उत्तरायुष्याची जबाबदारी कोणाची?

रशियात क्रांतीनंतर हाच वाद राज्यकर्त्यांपुढे आला होता. झारशाहीत बड्या जमीनदारांनी आपल्या भूदासांच्या मुलामुलींना नाच शिकवून खासगी नाट्यसंच उभारले होते; बॅलेवर दरबाराची छाप होती. यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनी देश पोळलेला असताना बोल्शॉय थिएटरवर खर्च का करावा, असा प्रश्न १९२२ च्या सुमारास ऐरणीवर आला, आणि ते बंद करण्याच्या बाजूने खुद्द लेनिनचा कल होता. शिक्षणखात्याचा प्रमुख लुनाचार्स्की याने त्याला विरोध केला. त्याची भूमिका अशी की जुन्या वर्गाने साठविलेले ज्ञान नव्या वर्गाने वारशात घ्यावे, जाळू नये. बोल्शॉय वाचले. क्रांतीनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत कामगार संघटनांमार्फत तिकिटे वाटली गेली आणि ज्यांच्या आईबापांनी त्या इमारतीत पाऊल ठेवले नव्हते असे लोक खुर्च्यांवर बसले. पुढे त्याच राजवटीने कलावंतांची मुस्कटदाबी केली, तो भाग वेगळा आणि निषेधार्ह. पण बोल्शॉय त्या वेळी बंद केले असते तर कामगाराच्या पदरात काय पडले असते, याचे उत्तर लेनिनच्या बाजूने देता येणार नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका धडा मात्र युरोपात नव्हे, तर क्यूबात मिळतो. १९२० मध्ये हवानात जन्मलेल्या आलिसिया आलोन्सोने नाचाचे पहिले धडे घेतले ते तेथील उच्चभ्रू स्त्रियांनी चालविलेल्या संगीतसंस्थेच्या वर्गात. पुढे ती न्यूयॉर्कला गेली. विशी उलटते न उलटते तोच तिच्या डोळ्यांचा पडदा निखळला. शस्त्रक्रियांनंतर तिला महिनोन्‌महिने डोळे बांधून, डोके न हलवता पडून राहावे लागले. त्या अवस्थेत पांघरुणावर बोटांनी पावले टाकीत तिने ‘जीझेल’ची भूमिका पाठ केली, आणि २ नोव्हेंबर १९४३ रोजी दुसऱ्या नर्तकीच्या जागी ऐनवेळी उभी राहून ती नाचली. त्यानंतर जवळजवळ सारे आयुष्य तिने अंधुक दृष्टीनिशी, रंगमंचावरील दिव्यांच्या खुणांनी दिशा ओळखीत, नाचण्यात घालविले. एका दगाबाज सरदाराने फसविलेली खेड्यातली पोर, ही ‘जीझेल’ची कथा, ती भूमिका तिच्या नावाशी कायमची जोडली गेली.

२८ ऑक्टोबर १९४८ रोजी तिने पती फर्नांदो आणि दीर आल्बेर्तो यांच्यासह हवानात स्वतःचा संच काढला. १९५६ मध्ये बातिस्ताच्या हुकूमशाही सरकारने त्याचे तुटपुंजे अनुदान बंद केले. तेव्हा त्यांच्या पाठीशी जाहीरपणे कोण उभे राहिले? विद्यापीठातील विद्यार्थी संघटना. तिने विद्यापीठाच्या क्रीडांगणावर भव्य निषेध-प्रयोग घडवून आणला. बॅले ही जनतेच्या लढ्याशी असंबद्ध चैन आहे असे त्या विद्यार्थ्यांना वाटले नाही. १९५९ च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने या संचाला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा दिला आणि १९६० मध्ये त्याच्या स्थैर्यासाठी खास कायदा केला. संच कारखान्यांत, शेतांवर, सैनिकांच्या छावण्यांत जाऊन नाचू लागला. फर्नांदो आलोन्सो मुले निवडण्यासाठी अनाथाश्रमात गेला. तेथे वाढलेला होर्खे एस्किवेल पुढे आलिसियाचाच जोडीदार म्हणून जगभर गाजला.

१९६१ हे वर्ष विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी क्यूबातील तरुणांनी कंदील आणि पाटीपुस्तके घेऊन खेडोपाडी साक्षरता मोहीम चालविली व सुमारे ७ लाख प्रौढांना अक्षरओळख करून दिली. त्याच वर्षी हवानातील धनिकांच्या एका क्लबाच्या गोल्फ-मैदानावर सर्वांसाठी कलाशाळा उभारण्याचे ठरले. आधी अक्षर की आधी नाच, असा वाद तेथे घातला गेला नाही. अमेरिकेच्या आर्थिक कोंडीमुळे लोखंड आणि सिमेंट दुर्मिळ, म्हणून वास्तुशिल्पज्ञांनी विटांच्या कमानी आणि घुमट रचले. बॅलेच्या शाळेची ती देखणी इमारत मात्र कधीच पुरी झाली नाही; १९६५ मध्ये काम थांबले आणि घुमटांवर रान माजले. हेही सांगितलेच पाहिजे, कारण जनतेच्या नावाने सुरू केलेली कामे नोकरशाही आणि धरसोड यांपायी कशी अर्धवट राहतात, याचे ते स्मारक आहे. पण शिक्षण थांबले नाही. साध्या इमारतींत, मोफत, देशभरच्या शाळांतून ते चालू राहिले.

या शाळांतून काय निपजले, याचे उदाहरण म्हणजे कार्लोस अकोस्टा. १९७३ मध्ये हवानाच्या एका गरीब वस्तीत ट्रकचालकाच्या घरी, अकरा भावंडांतला शेवटचा म्हणून तो जन्मला. गुलामांच्या वंशातले हे कुटुंब. पोरगा उनाड, फुटबॉल आणि रस्त्यावरचा नाच यांत रमणारा. शिस्त लागेल आणि दुपारचे जेवण फुकट मिळेल, या हिशेबाने बापाने त्याला बॅलेच्या शाळेत घातले. त्याने शाळा बुडविल्या, हवानातील शाळेने त्याला काढूनही टाकले. पुढे पिनार देल रिओच्या निवासी शाळेत असताना, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने राष्ट्रीय बॅलेचा प्रयोग प्रथमच प्रत्यक्ष पाहिला. एका नर्तकाची हवेत जणू थांबून राहिलेली उडी पाहून आपल्याला काय व्हायचे आहे हे त्याला कळले, असे त्याने स्वतः लिहिले आहे. चार वर्षे दांड्यापाशी उभे करून जे साधले नव्हते, ते प्रेक्षागृहातल्या एका संध्याकाळने साधले. १९९० मध्ये त्याने लोझान येथील स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, लंडनच्या रॉयल बॅलेत तो अग्रगण्य नर्तक झाला आणि २०२० पासून बर्मिंगहॅमच्या रॉयल बॅलेचे संचालकपद त्याच्याकडे आले. अकोस्टाची प्रतिभा त्याची स्वतःची. पण शाळा, जेवण आणि ती खुर्ची ही समाजाने दिलेली होती.

हवानाचा प्रेक्षक याचा दुसरा पुरावा आहे. तेथील नाट्यगृहात लोक गप्प बसून सभ्यपणे टाळ्या वाजवीत नाहीत. एका पायावरच्या गिरक्या ते मोजतात, आवडत्या नर्तिकेला मोठ्याने दाद देतात, दोघींच्या जीझेलची तुलना करीत घरी जातात. जसा बेसबॉलवर वाद घालावा तसा बॅलेवर घालतात. घरातली कोणी ना कोणी मुलगी वा मुलगा वर्गाला जाऊन आलेला असतो आणि तिकीट साध्या पगारदाराच्या आवाक्यातले असते, म्हणून हे घडते. रसिकता ही रक्तातून वा कुळातून येते, हा अभिजनांचा लाडका सिद्धांत हवानाने कायमचा खोटा पाडला आहे.

अर्थात क्यूबाचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या राजवटीने बॅलेला आश्रय दिला तिनेच १९६५ ते १९६८ या काळात समलिंगी म्हणून संशय असलेल्यांना सक्तीच्या श्रमछावण्यांत डांबले. १९६६ मध्ये पॅरिसच्या दौऱ्यात संचातील दहा नर्तक परतलेच नाहीत, आणि संच सोडून परदेशी राहणाऱ्यांची परंपरा पुढेही चालू राहिली. काळ्या वर्णाच्या नर्तिकांना राष्ट्रीय संचात पुरेशी वाव मिळत नाही, ही टीका जुनी आहे. २०१९ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत, संस्थेचे सूत्र एकाच व्यक्तीच्या हाती राहिले. २०२१ च्या जुलैत रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांना तुरुंगात टाकणारे सरकार आपल्या नर्तकांना मोकळा श्वास घेऊ देईल, अशी अपेक्षा कोण करील? लोकशाही समाजवाद्याने यातून एकच धडा घ्यायचा: कलेसाठी पैसा सार्वजनिक हवा, परंतु सूत्रे कलावंतांच्या आणि रसिकांच्या हाती हवीत. आश्रयाची किंमत म्हणून मौन मागितले जाऊ लागले की तो आश्रय दरबारीच ठरतो, मग दरबारावर झेंडा कोणत्याही रंगाचा असो.

आता महाराष्ट्राकडे वळले तर या बाबतीत येथील परंपरा कोरी नाही. १९२३ मध्ये ॲना पावलोवाबरोबर लंडनमध्ये नाचलेल्या उदय शंकर यांनी भारतीय नृत्यनाट्याला नवे वळण दिले. त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेले शांती बर्धन १९४४ मध्ये ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकासाठी मुंबईत आले. अंधेरीला एकत्र राहून तरुण मुलामुलींनी ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये बसविली. बंगालच्या दुष्काळाचे दुःख इप्टाच्या पथकांनी गाणी, नाटके आणि नाच यांतून देशाला सांगितले, आणि भुकेलेल्यांसाठी निधी जमविला. भाकरी आधी की नाच आधी, या वादाचे उत्तर त्या पथकांनी ऐंशी वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. क्षयाने खंगलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये ‘लिटल बॅले ट्रूप’ उभा केला आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचवून रामायण सादर केले. मराठी माणसाने बॅले हा शब्द ऐकला तो बहुधा अशाच प्रयोगांतून. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही मध्यमवर्गीय आणि कष्टकरी घरांतील मुलामुलींना संकोच सोडून एका रंगमंचावर नाचायला शिकविले, ही गोष्ट लहान नव्हती.

आणि आज? २०१७ मध्ये मुंबईतील एका वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्याबरोबर येहुदा माओर या वयोवृद्ध परदेशी शिक्षकाकडे शिकलेला मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा. दोघांच्या कहाणीवर सूनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये ‘ये बॅले’ हा चित्रपट काढला आणि तो पाहून अनेकांचे डोळे पाणावले. डोळे पाणावणे चांगलेच आहे. परंतु डोळे पुसल्यावर एक प्रश्न विचारायला हवा. ट्रकचालकाच्या मुलाला हवानात शाळेने हेरले. मुंबईच्या मुलांना एका शिक्षकाची आस्था आणि दानशूरांच्या देणग्या यांची वाट पाहावी लागली. हा शिक्षक त्यांना भेटला नसता तर? वस्त्यावस्त्यांतून दूरचित्रवाणीवरील नाच पाहून फरशीवर उड्या मारणारी जी हजारो मुले आहेत, त्यांतील किती जणांना कोणीही भेटत नाही? अपवादाचा सत्कार करणे सोपे असते, कारण त्यात व्यवस्थेला हात लावावा लागत नाही.

म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या असाव्यात. महापालिकांच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. प्रत्येक विभागात निदान एका शाळेत, गुडघ्यांना इजा होणार नाही अशी लवचीक लाकडी जमीन असलेली एक खोली आणि भिंतीला एक दांडा असावा. खर्च फार नाही. तेथे पगारी शिक्षक असावेत आणि मुलांइतकाच प्रौढ स्त्री-पुरुषांनाही प्रवेश असावा, कारण दिवसभर शिलाईयंत्रावर वाकलेल्या पाठीला ताठ उभे राहण्याचा आनंद कमी मोलाचा नाही. बॅले, कथक, लावणी, यांपैकी काय शिकायचे हे त्या वस्तीने ठरवावे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या नाट्यगृहांत, सरकारी सवलतीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कलाकेंद्रांतही, प्रत्येक प्रयोगाच्या काही खुर्च्या बसभाड्याच्या जवळपासच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक करावे. आणि नाचून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला, मग ती फडावरची असो की बॅलेच्या संचातली, शरीर थकल्यावर हक्काचे निवृत्तिवेतन मिळावे. वशिल्याने पदरात पडणारे तुटपुंजे मानधन नव्हे.

यात क्रांतिकारक असे काही नाही, असे काहींना वाटेल. पण वेल्डरची मुलगी दांड्यापाशी उभी राहू लागली, तिची आई प्रेक्षागृहात बसू लागली आणि घरी परतताना दोघी उडीवर वाद घालू लागल्या, तर पॅले गार्निएच्या मागच्या दालनापासून गावच्या फडापर्यंत चालत आलेली ती जुनी विभागणी त्या घरापुरती तरी मोडलेली असेल. महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलताना पाणी, रस्ते आणि दवाखाने यांचे प्रश्न कार्यकर्ते विचारतातच, आणि ते आधी विचारलेच पाहिजेत. त्याच यादीत यापुढे आणखी एक प्रश्न असावा: या वर्षी शहरात नाचायला किती खोल्या उघडल्या, आणि मजुराला परवडतील अशा किती खुर्च्या राखल्या?